अमळनेरच्या तेलगिरणीतला जुना स्विच

मित्रांनो, तुम्ही मला पुष्कळदा पाहिलं असेल, पण माझं नाव कधी विचारलं नसेल. बँकेत, दवाखान्यात किंवा शाळेच्या संगणक-खोलीत भिंतीवर एक लोखंडी कपाट असतं आणि त्यात हिरवे दिवे लुकलुकत असतात. ते दिवे आमचे. मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. माझ्या तोंडाला चोवीस खाचा आहेत. प्रत्येक खाचेत एकेका संगणकाची तार येऊन बसते. या संगणकाचा निरोप त्या संगणकाला पोचवायचा, एवढंच माझं काम. निरोपात काय लिहिलं आहे ते मी वाचत नाही. तो कोणाकडून आला आणि कोणाकडे जायचा, एवढंच पाहतो.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे हजारो एका दिवसात तयार होत, त्यामुळे जन्माचं विशेष काही सांगण्यासारखं नाही. जहाजातून मुंबईला आणि मुंबईहून मालट्रकने मी जळगावला आलो. गोलाणी मार्केटमध्ये नूर महंमद यांचं छोटं दुकान होतं. तिथल्या फळीवर माझं खोकं ठेवलं गेलं.

तो काळ आमच्या भरभराटीचा होता. डाळमिलवाले, डॉक्टर, पतपेढ्या, कॉलेजं, सगळ्यांना आपापले संगणक एकमेकांना जोडून हवे होते. लोक दुकानात येत, खोकं विकत घेत आणि घेतलेली वस्तू आपली म्हणून वर्षानुवर्षं वापरत. नूर महंमद नुसतं खोकं देऊन मोकळे होत नसत. ते स्वतः शिडीवर चढून तारा ओढत, प्रत्येक तारेला चिठ्ठी लावत आणि सगळं सुरू झाल्याशिवाय गिऱ्हाइकाचा चहासुद्धा घेत नसत.

मला अमळनेरच्या रुपचंदशेठनी घेतलं. त्यांची सरकीचं तेल काढायची गिरणी होती. कार्यालयाच्या मागच्या खोलीत नूर महंमद यांनी मला बसवलं. बाहेरच्या वजनकाट्याची, हिशेबाच्या संगणकांची, फाटकावरच्या कॅमेऱ्यांची, अशा सगळ्या तारा माझ्याकडे आल्या. सरकीचा ट्रक काट्यावर उभा राहिला, की काटा सांभाळणारे पुना आबा कळ दाबत आणि ते वजन माझ्यातून आत जाई. मी ते पोचवलं नाही, तर ट्रक जागचा हलत नसे. म्हणून माझ्याकडे कोणी पाहत नसलं, तरी माझ्यावाचून कोणाचं चालत नव्हतं.

गिरणीत कापसाचं बारीक तूस हवेत तरंगत असतं. ते माझ्या पंख्यात अडकून बसे. दर दिवाळीआधी नूर महंमद जळगावहून येत, मला उघडत आणि ब्लोअरने तूस उडवत. कधीकधी त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी अफिफा असे. तेव्हा ती अभियांत्रिकीला शिकत होती. बाप-लेक दोघं फारसं न बोलता काम करत. एकाने हात पुढे केला, की दुसऱ्याने पेचकस द्यायचा, अशी त्यांची रीत होती.

मग एक वर्ष असं आलं, की जगभर चिपांचा तुटवडा पडला. नवे स्विच मागवले, तर महिनोन्महिने येत नसत. जुन्यांना एकाएकी भाव आला. त्या वर्षी रुपचंदशेठ माझ्या कपाटावर थाप मारून म्हणाले, “नूरभाई, तुमचं हे खोकं काही दमत नाही हं!”

नूर महंमद हसले. माझं कौतुक झालं ते तेवढंच. पण ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त पोचलं, हे मला दिसलं.

तुटवडा सरला आणि बाजाराची चालच बदलली. गावोगाव जमिनीखालून काचेच्या तारा आल्या. मोठ्या कंपन्या व्यापाऱ्यांना सांगू लागल्या, की खोकं विकत घ्यायची गरज नाही. तार आमची, खोकंही आमचं, बिघाड झाला तरी तो आमचा. तुम्ही फक्त महिन्याचं भाडं द्या. नवी खोकी कुठे बसवली आहेत याला महत्त्व उरलं नाही. पुण्यात बसलेला माणूस अमळनेरचं खोकं तिथूनच दुरुस्त करू लागला. गोलाणी मार्केटमधल्या फळ्यांवर धूळ बसू लागली, ती अशी.

रुपचंदशेठनी धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत दुसरी गिरणी घातली. त्यांना दोन्ही गिरण्या एकाच छपराखाली असाव्यात तशा जोडून हव्या होत्या. धुळ्याच्या टाकीत किती तेल आहे, ते अमळनेरच्या खुर्चीत बसून त्या क्षणी दिसलं पाहिजे. ते माझ्या आवाक्यातलं काम नव्हतं आणि नूर महंमद यांच्याही नव्हतं. रुपचंदशेठनी एका मोठ्या कंपनीला बोलावलं.

जागा पाहायला कंपनीचा जो माणूस आला, ती अफिफा होती. शिक्षण संपवून ती त्या कंपनीच्या धुळ्याच्या कार्यालयात लागली होती. मागच्या खोलीत आल्यावर ती माझ्यासमोर थोडा वेळ नुसती उभी राहिली.

रुपचंदशेठनी विचारलं, “अब्बांना माहीत आहे का गं?”

“सांगते, शेठ. रविवारी घरी जाणार आहे, तेव्हा सांगते.”

रविवार आला आणि गेला. तिने सांगितलं नाही. पुढचाही गेला. शेवटी खोकं बदलायच्या आदल्या दिवशी रुपचंदशेठनीच भल्या मनाने फोन लावला. “नूरभाई, उद्या अफिफा नवी लाइन लावायला येतेय. तुमच्या हातचं आहे सगळं, तुम्हीही या.” 

दुसऱ्या दिवशी अफिफा नवं खोकं घेऊन आली. तिने माझ्या पहिल्या तारेला हात घातला, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“थांब. हात लावू नकोस.”

नूर महंमद उभे होते. अफिफा बाजूला सरली.

“अब्बा, मी तुम्हाला…”

“मी लावलाय, मीच काढतो.”

त्यांनी एकेक तार सावकाश काढून तिच्या हातात दिली. माझे दिवे एकामागून एक विझत गेले. मग मला पिशवीत घालून ते निघाले. रुपचंदशेठ चहासाठी आग्रह करत राहिले. नूर महंमद थांबले नाहीत.

मी पुन्हा गोलाणी मार्केटमध्ये आलो. त्यांनी मला गल्ल्याशेजारी ठेवलं. ना विकायला, ना दुरुस्तीला. दुपारी हसीनाबी डबा घेऊन येत. त्या अफिफाची आई. डबा उघडता उघडता त्या विषय काढत.

“पोरीचा फोन आला होता. विचारत होती तुमचं.”

“सांग तिला, दुकान चालू आहे.”

“ती दुकानाचं नाही विचारत. तुमचं विचारते.”

“मग सांग, जेवतोय.”

अफिफा आता रविवारी घरी आली, तरी दोघांचं बोलणं होत नसे, हे हसीनाबींच्या बोलण्यातून मला कळे. दुकानात गिऱ्हाईक कमी झालं होतं. कोणी आलंच, तर मोबाइल चार्जरची पिन मागे. नूर महंमद वर्तमानपत्र वाचत, रस्त्याकडे पाहत आणि कधी माझ्यावर फडकं फिरवत. ते कशाची तरी वाट पाहत होते. कशाची, ते मे महिन्यात समजलं.

त्या दिवशी ऊन असं होतं, की मार्केटच्या पायऱ्यांना हात लावता येत नव्हता. अमळनेरच्या एका ओळखीच्या दुकानदाराचा फोन आला. धुळे रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. तिथल्या खोदकाम यंत्राने कंपनीची तार तोडली होती.

नूर महंमद ताडकन उठले. कित्येक दिवसांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी मला पिशवीत घातलं, मोबाइलच्या सिमवर चालणारा एक छोटा राउटर घेतला आणि डबा आणलेल्या हसीनाबींना म्हणाले, “रुपचंदशेठची गिरणी बंद पडली असेल. जाऊन चालू करून देतो.”

“अहो, या उन्हात? आणि जेवण?”

“डबा दे बरोबर.”

स्कूटरवरून आम्ही अमळनेरला पोचलो, तेव्हा गिरणीच्या फाटकात ट्रकांची रांग असेल, लोक ओरडत असतील, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं. फाटकात एकच ट्रक होता, आणि तो वजन करून बाहेर पडत होता. काट्यावरून पुना आबांनी हाक मारली.

“नूरभाऊ, आज इकडे कसं काय उनात?”

“लाइन तुटली म्हणे, आबा.”

“तुटनी व्हई तिकडे. आठे तं बठ्ठं चालू शे.”

सगळं चालू आहे हे ऐकूनही नूर महंमद आत गेले. रुपचंदशेठच्या समोरच्या पडद्यावर धुळ्याच्या टाकीचे आकडे हलत होते. एकही थांबलेला नव्हता. ते पिशवी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

“बसा, नूरभाई,” रुपचंदशेठ म्हणाले. “तार खरंच तुटली आहे. पण आपल्या दोन वाटा आहेत. एक सरळ रस्त्याने आणि एक पारोळ्यावरून फिरून. एक तुटली, तर काम आपोआप दुसरीवर जातं. आम्हाला तर पुण्याहून फोन आल्यावर कळलं.”

“दोन घेतल्या तुम्ही?”

“मी कुठला घेतोय! मी म्हणत होतो, एक पुरे. तर पोरगी माझ्याशी भांडली. म्हणाली, शेठ, एकच वाट घेणार असाल तर आमची लाइन घेऊच नका. अब्बांनी लावलंय तेच राहू द्या. तुमचं काम थांबणार असेल, तर ते काढायचा मला हक्क नाही.”

नूर महंमद खुर्चीत बसले. या वेळी चहा आला, तो त्यांनी घेतला. पडद्यावरचे आकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, “तार कुठे तुटली?”

शहर सोडून थोडं पुढे गेल्यावर रस्त्याच्या कडेला खड्डा दिसला. गरम वारा मातीसकट उडत होता. खड्ड्याच्या काठाशी अफिफा दोन कामगारांबरोबर बसली होती. काचेची तार केसाइतकी बारीक असते. तिची दोन टोकं यंत्रात धरून, वितळवून जोडावी लागतात. जोडावर धुळीचा कण बसला, तर जोड वाया जातो. कामगारांनी छत्री धरली होती, पण ती वाऱ्याने सारखी उलटत होती.

स्कूटरचा आवाज ऐकून तिने वर पाहिलं आणि ती उठायला लागली.

“बस,” नूर महंमद म्हणाले. त्यांनी डिकीतून स्कूटर झाकायची जाड ताडपत्री काढली. तिचं एक टोक कामगाराच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. “कर आता.”

अफिफाने तारेची टोकं पुसली. पहिला जोड झाला. दुसरा झाला. मध्येच ती मान वर न करता म्हणाली, “अब्बा, मी सांगणार होते. धीर झाला नाही.”

“लाइन बदललीस, त्याचं काही नाही गं. आज पाहून आलो मी. चांगली लावलीस.” त्यांनी ताडपत्री घट्ट धरली. “मला शेठच्या फोनवरून कळलं. तुझ्याकडून नाही. ते लागलं.”

अफिफाने पुढचं टोक पुसलं. ती काम करत राहिली. जोड संपले, तेव्हा उन्हं कलली होती. मग नूर महंमद यांनी विचारलं, “जेवलीस का?”

“नाही.”

त्यांनी डबा उघडला. बाप-लेक आणि दोन कामगार रस्त्याच्या कडेच्या कडुलिंबाखाली बसून जेवले. मी पिशवीत होतो.

त्यानंतर नूर महंमद यांनी नवी खोकी आणणं बंद केलं. आता ते जुनी यंत्रं दुरुस्त करतात आणि ज्यांना नवी परवडत नाहीत त्यांना देतात. दुकान पूर्वीसारखं चालत नाही, पण चालतं. मला कुठे द्यायचं, यावर दोघांचं थोडं वाजलं. अफिफा म्हणाली, याला सुरक्षेच्या सुधारणा आता मिळत नाहीत, व्यापाऱ्याकडे देऊ नका. नूर महंमद यांनी ऐकलं. चोपड्याच्या एका अभ्यासिकेत परीक्षेच्या सरावासाठी काही संगणक आहेत. ते फक्त एकमेकांना जोडलेले आहेत, बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध नाही. मी तिथे आहे. नवा पंखा बसवला आहे. आमच्या बाजारात पुढे काय होईल, ते मला माहीत नाही. नव्या खोक्यांचीही एक दिवस माझ्यासारखीच पाळी येईल, एवढं मात्र कळतं.

मित्रांनो, मला तुमच्याकडे थोडंसंच मागायचं आहे. आमच्यावर धूळ साठू देऊ नका. आम्ही निकामी झालो, तर आतल्या तांब्यासाठी आम्हाला उघड्यावर जाळू नका. त्या धुराने तुमचाच घसा जळेल. जे आम्हाला नीट सोडवून सुटं करतात, त्यांच्या हाती द्या. आणि आम्हाला बदलायची वेळ आली, तर जरूर बदला. त्यात आम्हाला वाईट वाटण्यासारखं काही नाही. फक्त ज्या माणसाने आम्हाला बसवलं, त्याच्याकडे आधी जा. समोर बसा आणि स्वतःच्या तोंडाने त्याला सांगा.