खिडकीवरची हातभर रेघ

अकरावा ब्रश गालावरून फिरवून बायकोने तोही काउंटरवर परत ठेवला, तेव्हा दुकानदाराने कपाळावर हात मारला.

“मावशी, ब्रश निवडताय की जावई?”

“जावई एकदाच निवडायचा असतो,” ती म्हणाली. “ब्रश रोज हातात धरावा लागतो. अजून काढ.”

मी माझा रोलर घेऊन केव्हाच मोकळा झालो होतो. रोलर निवडायला असं लागतं काय? भिंत खडबडीत असेल तर लांब लवेचा, गुळगुळीत असेल तर आखूड. आमच्या खोलीच्या भिंती मी आठ दिवस घासत होतो, म्हणून आखूड. ओल्या तळहातावर चार वेळा घासायचा, धागे सुटले तर परत द्यायचा, नाही सुटले तर पिशवीत टाकायचा. संपलं.

“तुमचं काय,” ती नेहमी म्हणते, “भिंत कुठे पळून जातेय?”

आमच्या धंद्यात वाटणी ठरलेली. भिंतीचं मैदान रोलरने मी भरायचं आणि भिंत जिथे छताला भेटते तिथली रेघ ब्रशने तिने ओढायची. खाली रंग, वर पांढरं, मध्ये तिची रेघ. तीही चिकटपट्टी न लावता. पट्टी चिकटवून काय, शेंबडं पोरही रेघ काढेल, असं तिचं मत. पट्टीवाल्या रंगाऱ्यांबद्दल ती जे बोलते ते ऐकून कानात बोटं घालावीत. तीस वर्षं आम्ही असं काम केलं. बाकीचे रंगारी तिला रेघबाई म्हणतात आणि मला रेघबाईचा नवरा. मला त्याचा राग यायचा. पण गिऱ्हाईक मान वर करून छताकडे बघत राहिलं की बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू. तिने मात्र माझ्या कामाला कधी बरं म्हटलं नाही. “झालं का भरून?” एवढंच.

तिचं ब्रश बघणं म्हणजे परीक्षाच. केस बोटाने दुमडून सोडायचे, ते झटकन सरळ व्हायला पाहिजेत. मग चिमटीत धरून ओढायचे. नव्या ब्रशचे दोन-चार केस गळणारच, पाचवा गळला की नापास. केस आवळून धरणारा पत्रा हलवून बघायचा. मग टोकं उजेडात धरायची, ती बारीक चिरलेली असली तर रंग धरून ठेवतात. दुकानदाराने पुढे केलेला एक महागडा ब्रश तिने नुसता नाकाला लावला आणि ठेवून दिला.

“जनावराचे केस आहेत. पाण्याच्या रंगात फुगून बसेल हा. मला शिकवतोस काय रे?”

पुढचा ब्रश तिने पेनासारखा धरला आणि हवेतच आडवा ओढला. काउंटरच्या वर तिचा हात थरथरायला लागला. तिने तो चटकन पदराखाली घेतला. दुकानदाराने पाहिलं होतं. त्याची थट्टा तिथेच थांबली. “थांबा मावशी,” म्हणत तो आत गेला आणि कागदात गुंडाळलेला एक ब्रश घेऊन आला. दोन इंची, तिरका कापलेला, लांब मुठीचा.

“हा मी सगळ्यांना दाखवत नाही.”

तिने दुमडला, ओढला, उजेडात धरला.

“हा मघाशीच का नाही काढलास, मेल्या?”

थरथर सुरू होऊन दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, नसांचं आहे, वाढेल, कमी होणार नाही. त्या दिवशी घरी येऊन ती मला म्हणाली, हल्ली ब्रश फार वाईट निघतात. मी म्हटलं, हो ना, फारच वाईट. तेव्हापासून आमच्या घरात ब्रश वाईट होते.

दुकानातून परत येताना ती वाटेत अचानक थांबली.

“एक विचारू? त्या दवाखान्यातली रेघ तुम्ही नंतर सरळ केलीत ना? पट्टी लावून?”

दवाखाना, शाळेची कचेरी, मास्तरांचं घर, तिन्ही ठिकाणी मी तेच केलं होतं. ती पुढे घरी जायची आणि मी मागे राहून, चोरासारखा, पट्टी लावून तिची रेघ सारखी करायचो. तिला कमीपणा नको, कामही जायला नको.

“कोण म्हणतं?”

“अहो, मी काय दूधखुळी आहे? दुपारी नागमोडी आणि दुसऱ्या दिवशी सरळ? पट्टी काढली की रंगाचा काठ उचलला जातो, बोट फिरवलं की लागतो. मी फिरवलं बोट.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? गिऱ्हाईक खूश होतं.” ती चालायला लागली. “ब्रश वाईट नाहीत हेही मला कळतं. पण हात बदलून मिळत नाही, म्हणून म्हटलं ब्रश तरी चांगला घेऊ. आता ऐका. ही आपली खोली आहे. इथे रेघ मी काढणार आणि जशी येईल तशी राहणार. माझ्या हातात अजून किती उरलंय ते मला बघायचंय. तुम्ही हात लावायचा नाही. शब्द द्या.”

मी शब्द दिला.

दुसऱ्यांची घरं रंगवण्यात आमची स्वतःची खोली तशीच राहिली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. छत मी आदल्या दिवशी पांढरं करून ठेवलं होतं. भिंतीसाठी तिने फिका निळा निवडला होता. ती शिडीच्या घोड्यावर चढली, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि दाराच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मी खाली रोलर फिरवत होतो आणि वर बघत नव्हतो. रेघ जवळून कळत नाही. रंग सुकला आणि खालून पाहिलं की कळते. म्हणून तिलाही काही दिसत नव्हतं. फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

खिडकीपाशी आल्यावर तिला एकदम हसू फुटलं.

“डझनभर रद्दी ब्रश दाखवले हो त्याने! आणि मला म्हणतो जावई! त्याच्या सासऱ्याने जरा बघून घेतलं असतं तर हा कशाला त्याच्या पदरात पडला असता?”

मीही हसत वर पाहिलं. तिने मनगट सोडलं होतं. ब्रश एकटाच चालला होता, खिडकीच्या एका कडेपासून पुढे हातभर, आणि हात हलत नव्हता. मला ओरडावंसं वाटलं. पण म्हटलं, बोललो आणि तिचं लक्ष हाताकडे गेलं तर? मी गप्प बसलो. बोलायला हवं होतं. त्या एका गप्प बसण्याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

चारही भिंती झाल्या तेव्हा ती पार थकली होती. बाहेरच्या खोलीत जाऊन आडवी झाली आणि लगेच झोपली. मी मोरीत बसून रोलर धुतला, तिचा ब्रश धुतला, केस बोटांनी विंचरून कागदात गुंडाळला.

संध्याकाळी ती उठून आली आणि खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. रंग सुकला होता. रेघ दारापासून निघून चारही भिंतींवर थरथरत गेली होती, कुठे वर, कुठे खाली. ती सगळीकडे बघत सावकाश वळली. खिडकीपाशी थांबली.

“ही?”

“तुझी.”

“मी झोपले होते तेव्हा केलीत.”

“नाही गं. देवाशपथ नाही. तू दुकानदाराला शिव्या घालत होतीस ना, तेव्हाची आहे. मी पाहिलंय.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

ती घोड्यावर चढली आणि रेघेवरून बोट फिरवलं. काठ कुठे उचललेला नव्हता.

“पट्टी नाही,” ती म्हणाली.

“तेच सांगतोय! पट्टीशिवाय मला इतकी सरळ येते का? आयुष्यात कधी आली का?”

ती खाली उतरली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी भांडलो तरी असतो. तिने माझा उजवा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि त्याच्यावरचा निळा डाग पदराने पुसायला लागली.

“तीस वर्षं बघताय माझं,” ती म्हणाली. “शेवटी बसला हो तुमचा हात. छान काढलीत.”

तिने माझ्या कामाला चांगलं म्हटलं ते हे एकदाच. आणि ते काम तिचं होतं.