माझं कापलेलं शेवटचं पान

मी रहस्यकथांच्या मासिकाचा एक जुना अंक आहे. आणि मित्रांनो, माझा कुणावरही विश्वास नाही. माझ्या पहिल्याच पानावर नाटक कंपनीच्या मालकाचा खून होतो आणि पुढे नव्वद पानं सगळे खोटं बोलतात. त्यात तो गोड बोलणारा डॉक्टर तर मला कधीच आवडला नाही.

पुण्यात छापून मी पुसदला नागोरावांच्या वाचनालयात आलो. मुखपृष्ठावर पिस्तूलधारी माणूस, करकरीत नवा कागद. काय ऐट होती माझी! पण काही वाचक मोठे लबाड. उभ्या उभ्या शेवटचं पान वाचायचे आणि अंक न नेताच पसार व्हायचे. म्हणून नागोरावांनी ब्लेडने प्रत्येक अंकाचं शेवटचं पान कापलं, त्यावर अंकाचा नंबर घातला आणि पेटीत ठेवलं. अंक परत आणणाऱ्यालाच ते तिथे उभं राहून वाचायला मिळे. माझा नंबर दोनशे बारा.

आम्हा अंकांना आमची गोष्ट कुणी वाचली तरच कळते. माझं पान तर पहिल्या वाचकाआधीच गेलं. सगळ्या पुसदला खुनी ठाऊक, फक्त मलाच नाही! फार वाईट वाटायचं.

पुढे वाचनालय बंद पडलं आणि मी रद्दीत गेलो. कित्येक वर्षांनी यवतमाळच्या ममता मॅडमनी मला पोत्यातून उचललं. त्या असे जुने अंक जमवतात. त्यांनी माझी धूळ पुसली, कसर झटकली आणि मला एका बैठकीत वाचलं. शेवटी कापलेली कड दिसली.

"आता खुनी कोन, हे कोनाले विचारू?" त्या हळहळल्या. मग माझ्यावरचा वाचनालयाचा शिक्का पाहून त्यांनी पुसदला निरोप धाडला.

रविवारी एक म्हातारा आला. नमस्कार मॅडमना, पण नजर माझ्यावर! त्याने मला थेट मागून उघडलं, कडेवर बोट फिरवलं आणि पुटपुटला, "हे माह्यंच काम हाय."

गुन्हा कबूल! नागोरावच होते ते. त्यांचा हात पिशवीत गेला. पुन्हा ब्लेड, मी मनात म्हटलं.

निघाला पिवळ्या पानांचा गठ्ठा.

"बाई, वाचनालय बंद केलं तवा घाईत अंक रद्दीत देल्ले. पानं पेटीतच राह्यली. लोकायपासून शेवट इतका जपला, का अंकायलेच नाही भेटला. लय चुकलं माह्यं."

त्यांनी दोनशे बारा नंबरचं पान माझ्यात ठेवलं. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं. डॉक्टर निर्दोष होता! इतकी वर्षं मी उगाच त्याच्यावर संशय घेत होतो, आणि आता नागोरावांवरही. मला फार लाज वाटली.

मित्रांनो, जुन्या पुस्तकाचं सुटं पान सापडलं, तर ते त्याच्यात परत ठेवा. त्यालाही आपला शेवट कळू द्या.

खुनी कोण, ते मात्र मी सांगणार नाही. कारण तुमच्यातले काही जण आधी ह्याच ओळी वाचायला आलेत, असा मला दाट संशय आहे.