चार पट्ट्या, मग तीन

मंगळवारी संध्याकाळी बाबांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. "कानसेन, जरा बाहेर ये. डॉक्टरांचा विश्वास बसत नाहीये."

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, वय पन्नास, बाबांचे संगीताचे सगळ्यात नवे विद्यार्थी. कुठला स्वरमेळ मेजर आणि कुठला मायनर, हे ओळखता ओळखता ते घामाघूम झाले होते. "सर, याच्यापेक्षा अक्कलदाढ काढणं सोपं आहे हो," ते म्हणाले.

मी हात पुसत आले आणि पियानोकडे पाठ करून स्टुलावर बसले. समोर पुस्तकांचं काचेचं कपाट. बाबांनी तीन स्वर एकदम दाबले आणि धरून ठेवले.

"मेजर," मी म्हटलं. पुन्हा दाबले. "मायनर." पुन्हा. "मेजर."

दहापैकी दहा. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "कान उसना मिळत नाही," बाबा त्यांना म्हणाले. मग चहा झाला. बाबांचं बिस्किट कपात बुडालं, ते त्यांनी चमच्याने काढून खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले ते पुन्हा सरळ झालेच नाहीत.

मेजर ओळखायची रीत कागदावर सोपी आहे. खालच्या स्वरापासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून चार मोजायच्या, तिथून पुढे तीन. मायनरमध्ये आधी तीन, मग चार. पहिला हसरा, दुसरा उदास, असं बाबा शिकवायचे. मला दोन्ही सारखेच वाटायचे: एकदम वाजलेले तीन स्वर.

मी सात वर्षांची असताना त्यांनी पहिल्यांदा माझी परीक्षा घेतली. कपाटाच्या काचेत त्यांची बोटं दिसत होती. मी डावीकडून पट्ट्या मोजल्या. काचेत डावं-उजवं फिरतं, हे त्या वयात कुठलं सुचायला? मी प्रत्येक मेजरला मायनर म्हटलं आणि प्रत्येक मायनरला मेजर. वीसच्या वीस उत्तरं चुकली.

बाबा थांबले. मग त्यांनी आईला बोलावलं. "अगं, ठोकून दिलं असतं तर हिची निम्मी तरी बरोबर आली असती. हिला फरक चोख ऐकू येतो. फक्त नावांची अदलाबदल झालीये." त्यांना इतकं खूश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी उजवीकडून मोजू लागले. खरं सांगायचं त्या दिवशी राहिलं, आणि मग चौतीस वर्षं राहतच गेलं.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी आई म्हणाली, "शनिवारचा गाण्याचा गट तू घे."

"आई, मी छापखान्यात मुद्रितं तपासते. मला नाही जमणार."

"न जमायला काय झालं? ते सगळ्यांना सांगायचे, माझ्यामागे ही आहे म्हणून."

इकडे आड, तिकडे विहीर. मी गट घेतला.

बारा माणसं आमच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने उभी राहून गायची. महिनाभराने बाबांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता, त्यात त्यांनीच बांधलेलं शेवटचं गाणं म्हणायचं होतं. साथीला काही नाही, नुसते आवाज. शेवटी तीन स्वर एकत्र येऊन थांबायचे: खालचा निवृत्त पोस्टमनच्या रांगेचा, मधला शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या, वरचा डॉक्टरांच्या. माणसांच्या गळ्याला पट्ट्या नसतात. गाणं संपलं की बारा चेहरे माझ्याकडे वळत आणि मी म्हणे, "बरोबर."

तिसऱ्या शनिवारी डॉक्टर म्हणाले, "ताई, शेवट मला जरा पडल्यासारखा वाटतो."

"डॉक्टर, तुम्ही लोकांची तोंडं बघा," शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. "कानाचं ताईंवर सोडा."

सगळे हसले. जाताना मात्र बाई माझ्याजवळ आल्या. "खरं सांगा, माझा स्वर खाली उतरतो का? आधी सरांनी वेगळा बसवला होता असं वाटतं. पण तुम्ही बरोबर म्हणालात, म्हणून मी हाच घट्ट धरलाय. रांगेतले सगळे माझंच ऐकून गातात."

"तसंच राहू द्या," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? वर घ्या म्हणायला किती वर, हे मला कळायला हवं. त्या जिना उतरून गेल्या आणि मी दाराची कडी हातात धरून उभी राहिले. बाबांचं शेवटचं गाणं माझ्या एका शब्दाखाली मोडत होतं की नव्हतं, हेही मला ठरवता येत नव्हतं.

चौथ्या शनिवारी, शेवटच्या तालमीला, आई पहिल्यांदाच येऊन बसली. दाराजवळच्या खुर्चीत, डोळे मिटून. गाणं संपलं तशी तिने डोळे उघडले.

"शेवट हसरा होता," ती मला म्हणाली. "हे असं नव्हतं."

बाईंचा चेहरा उतरला. "ताई, मी चुकतेय का? महिनाभर तुम्ही बोलला का नाहीत?"

"अहो, दमली असेल ती," आई घाईने म्हणाली. "पुन्हा एकदा म्हणा. ती सांगेल."

त्यांनी शेवटची ओळ पुन्हा म्हटली आणि तिन्ही स्वर धरून ठेवले, बाबा धरायचे तसे, माझं उत्तर येईपर्यंत. पोस्टमनच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. कुणाचाही श्वास पुरेना. एक एक आवाज गळत गेला.

"सांग ना गं," आई म्हणाली.

"बाईंचा दोष नाही," मी म्हटलं. "मला मेजर आणि मायनरमधला फरक कळत नाही, आई. कधीच कळला नाही. मी काचेत बाबांचे हात बघून सांगायचे."