मुद्दाम केलेल्या चुका

दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला 'परतीचं इंधन'चा नवा भाग संपायचा आणि आठच्या आत ती त्याच्यावर लिहून मोकळी व्हायची. लिहायची ते मालिकेच्या वेड्यांनी इंटरनेटवर मांडलेल्या कट्ट्यावर. तिथे तिचं टोपणनाव होतं 'दातवाली'. नाव खोटं नव्हतं. दिवसभर ती दातच करायची. एका छोट्या दंतप्रयोगशाळेत प्लास्टरच्या जबड्यांवर मेण चढवायचं, रंग जुळवायचे, कवळ्या घासून गुळगुळीत करायच्या. केसाइतका फरकही तिच्या नजरेतून सुटत नसे. आणि तीच बाई कट्ट्यावर प्रत्येक वेळी एक तरी ढळढळीत चूक करून ठेवायची.

ती चूक ती मुद्दाम करत होती. भावासाठी.

धाकटा भाऊ सहा फुटांचा झाला तरी घरात बारक्याच होता. परत यायला इंधन नसलेल्या यानाची ती मालिका दोघांनी मिळून पाहिली होती, पहिले दोन्ही हंगाम, एकाच पांघरुणात पाय खुपसून. बारक्याला चूक सहन व्हायची नाही. "थांब, थांब. ते सहाव्या भागात. पाचव्यात तो बेशुद्ध होता." तोंडात घास असला तरी आधी दुरुस्ती, मग गिळणं. आई वैतागायची, "याला जीभ चव घ्यायला दिलीच नाही, फक्त टोकायला दिलीय."

अकरा महिन्यांपूर्वी तो तिसऱ्यांदा परीक्षेत नापास झाला. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले बाबा ताटावर बसले होते. ते वर न बघता म्हणाले, "या घरात एक ताट जास्तच मांडलं जातंय." बारक्या ताटावरून उठला. सकाळी त्याचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं आणि घडीवर त्याचा फोन. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण सज्ञान मुलगा आपल्या पायांनी गेला तर आम्ही काय करणार, असं म्हणाले. मित्र झाले, दवाखाने झाले, नको त्या खोल्यांमधल्या नको त्या चादरीही उचलून पाहून झाल्या. बाबा घरातल्या घरात मुके झाले. आईने दाराची कडी लावणं सोडलं.

तेवढ्यात मालिकेच्या तिसऱ्या हंगामाची जाहिरात आली आणि तिच्या मनाने घेतलं: तो कुठेही असो, हे बघेल. बघितलं की कट्ट्यावर डोकावेल. आणि चूक दिसली की त्याला गप्प बसवणार नाही.

पहिल्या भागात कप्तानीण लांबलचक झोपेतून जागी होते, चाचपडत एकेका पेटीवर हात ठेवून माणसं मोजते, तर एक पेटी रिकामी. ती मोजणी चालू असताना दातवालीचे डोळे वाहत होते. तरी डोळे पुसून तिने लिहिलं: 'सात जण झोपले होते, त्यातला एक गेला.' होते आठ. तासाभरात चाळीस जण तुटून पडले. तिने चाळीसही उत्तरं दोनदोनदा वाचली. कुणाचंच बोलणं बारक्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या भागात यंत्रज्ञ यानाबाहेर दुरुस्तीला जातो आणि दोर तुटून तो अंधारात नाहीसा होतो. तिने तुटलेला दोर डाव्याचा उजवा केला. चौथ्यात पृथ्वीवरून निरोप येतो, पण तो चाळीस वर्षं जुना असतो, पाठवणारी माणसं केव्हाच गेलेली. त्या भागानंतर तिला चूक सुचेना, नुसतं रडू येत होतं. शेवटी चाळीसची चौदा वर्षं केली. 'धूमकेतू' नावाच्या एका जुन्या सभासदाने लिहिलं, "बाई, तुम्ही मालिका कानाने बघता का?" शंभर जण हसले. शनिवारी दातवालीची चूक शोधणं हा सगळ्यांचा खेळच होऊन बसला. खेळणाऱ्यांत एकटा बारक्याच नव्हता.

पाचव्या भागावर धूमकेतूचं उत्तर आलं, "थांबा, थांबा. ते दार आतून बंद होतं, बाहेरून नाही." थांबा, थांबा! तिच्या हातातलं मेण निसटलं. वेष पालटून बोलतोय, म्हणून अहोजाहो करतोय, असं तिनेच ठरवून टाकलं. तिने गयावया करून त्याला भेटायला बोलावलं. रविवारी अकराला, बसथांब्यावरच्या कँटीनमध्ये.

ती पावणेदहालाच जाऊन बसली. प्रत्येक उंच पोराकडे मान वळून वळून दुखायला लागली. अकराला समोरच्या खुर्चीत साठीचा एक माणूस येऊन बसला. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं.

"दातवाली ना? मी धूमकेतू. पोस्टातून निवृत्त झालो. जरा मोठ्याने बोला."

तिची नजर पुन्हा दाराकडे गेली. तो बिचारा गोंधळला. "मला ऐकू कमी येतं, म्हणून मी पडद्यावरची अक्षरं वाचत मालिका बघतो. शब्दन् शब्द पाठ होतो. कानाचा तो विनोद... स्वतःवरून सुचला होता हो. तुम्हाला लागला का?"

तेव्हा तिचा बांध फुटला. आजूबाजूची माणसं बघत होती, तरी तिने मोठमोठ्याने, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं: बारक्या, ताट, अंथरुणाची घडी. धूमकेतूने चहाला हात लावला नाही. तो म्हणाला, "आणि मी लोकांना हसवत होतो."

त्यानंतर सगळीकडूनच वाटा बंद होत गेल्या. कट्टा सांभाळणारा 'पहारेकरी' होता, त्याने ताकीद दिली: तुमच्यामुळे नव्या प्रेक्षकांची दिशाभूल होते, आता एक जरी खोटी गोष्ट लिहिलीत तर खातं बंद. प्रयोगशाळेत तिने एका आजोबांच्या कवळीला दुसऱ्याच कुणाचे दात बसवले. मालकीणबाई ओरडल्या नाहीत, फक्त कवळी तिच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "घरी जा दोन दिवस." घरी आई म्हणाली, "पुरे कर आता. दर शनिवारी तू त्याला नव्याने हरवतेस. मला नाही बघवत."

"मग काय करू? गप्प बसू बाबांसारखी?"

बाबा शेजारच्याच खोलीत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

राहिला होता फक्त शेवटचा भाग. त्यात यंत्रज्ञ सापडत नाही. कप्तानीण त्याची पेटी पुसते, झाकण लावते आणि यान पुढे निघतं. दातवाली पडद्यासमोर बसून ओरडली, "अगं, शोध ना अजून! कुठे निघालीस?" आई आतून धावत आली. मग दोघी जमिनीवर बसून राहिल्या.

आठ वाजायला दहा मिनिटं होती. कुणालाही सापडेल अशी चूक काय कामाची, हे तिला आता कळलं होतं. फक्त त्यालाच सापडेल अशी हवी होती. आणि तिला आठवलं. पहिल्या हंगामाचा शेवटचा भाग चालू असताना वीज गेली होती. ती हिरमुसली, तेव्हा बारक्याने अंधारात उरलेली गोष्ट आपल्या मनाने रचून सांगितली: यान एका ग्रहावर उतरतं, दार उघडतं, तर समोर एक बकरी उभी आणि बकरीला खोकला झालेला. पुढे किती तरी वर्षं ती ते खरं मानून चालली होती.

तिने लिहिलं: 'हा शेवट काहीच नाही. पहिल्या हंगामाचा शेवट बघा. दार उघडल्यावर समोर कुत्रा उभा होता, तो प्रसंग मी जन्मात विसरणार नाही.'

लोकांनी कपाळाला हात लावले. कुठला कुत्रा? असा प्रसंगच नाही. बाईंचं डोकं फिरलंय. रविवारी दुपारी पहारेकऱ्याने तिचं खातं बंद केलं. लिहिलेलं मात्र हसायला म्हणून तसंच ठेवलं.

सोमवारी अकराच्या सुमारास ती साच्यात प्लास्टर ओतत होती. हात कोपरापर्यंत पांढरे. फोन वाजला. धूमकेतू कधी फोन करत नसे, फोनवर त्याला ऐकूच येत नसे.

"मी बोलतो, तुम्ही नुसतं ऐका," तो ओरडत होता. "आज सकाळी एका नव्या माणसाने उत्तर दिलंय. नाव नाही, नुसता ठिपका. वाचतो. 'थांब, थांब. कुत्रा नव्हता. बकरी होती. आणि ती खोकत होती.' बाई, अशी बकरी मालिकेत कुठेच नाही! तो शेवटचा भाग मी पुन्हा तपासलाय!"

हुंदके देत तिने फोन दोन्ही पांढऱ्या हातांनी कानाशी दाबून धरला. मालकीणबाई पाणी घेऊन धावल्या. बारक्या जिवंत होता. पण लगेच दुसरी धास्ती उभी राहिली: तिचं खातं बंद. उत्तर आलं नाही म्हणून तो निघून गेला तर? ती फोनमध्ये किंचाळली, "काका, तुम्ही लिहा! माझ्या नावाने लिहा! ऐकू येतंय का? लिहा, की ताई इथेच आहे!"

"हळू बोला," धूमकेतू म्हणाला. "ऐकू आलं."

त्याने लिहिलं. उत्तर यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत तिने काय खाल्लं, कुणाचे दात केले, तिला आठवत नाही. शुक्रवारी ठिपक्याने एक फोन नंबर दिला. तो कामाला होता त्या शीतगृहातला, जेवणाच्या सुट्टीतला, दुपारी एक ते दीड. सोबत एक ओळ: 'घरी ये म्हणू नकोस. आईला सांग. बाबांना नको.'

तिने आईला सांगितलं. आईने त्याच क्षणी बाबांना सांगितलं, आणि आईला अडवायची ताकद दातवालीत नव्हती. बाबा बराच वेळ कागद घेऊन बसले. एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. "तूच बोल," ते म्हणाले. "मला एकदा बोलता आलं होतं, ते तसलं."

एकला तिने नंबर लावला. पलीकडे यंत्रांची घरघर, कुणीतरी हाक मारल्याचा आवाज, मग पावलं.

"ताई?"

"हं."

"बाबांना सांगितलंस ना?"

ती खोटं बोलणार होती. "आईने सांगितलं."

पलीकडे नुसती यंत्रांची घरघर. तिला वाटलं, ठेवला फोन. तिने दुसरा हात तोंडावर दाबून धरला.

"गुडघा कसाय त्यांचा?" त्याने विचारलं.

"सुजलाय. जिना चढवत नाही. तुझं कसं चाललंय?"

"थंडी फार आहे इथे. बोटं बधिर होतात. उद्या करशील फोन?"

"करीन."

"एकलाच कर. दीडला घंटा होते."

मालिकेचं नाव दोघांनीही काढलं नाही.