वजनं जुळवायची खोली

नगरच्या एमआयडीसीत विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर बनवणारा एक छोटा कारखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला, गोदामाला लागून एक खोली होती. खिडकी होती, पण आतून प्लायवूड ठोकून बंद केलेली. एसी मात्र होता. मालकांच्या केबिनलाही नव्हता, तेव्हा तो इथे बसला. पाहुणे आले की मालक काकासाहेब दार किलकिलं करून दाखवायचे, "ही आमची यशोधरा. पुण्याला शिकलेली इंजिनिअर. हिच्यासाठी एसी घेतला."

एसी तिच्यासाठी नव्हता, स्टार्टरमध्ये बसणाऱ्या सर्किट बोर्डांसाठी होता. पण यशोधरा ते कुणाला सांगत बसली नाही.

बोर्ड तिनेच बनवला होता. विहिरीवरची मोटार जळायच्या आधी तिचा आवाज बदलतो. एक फेज गेला तर एक आवाज, पाणी आटून कोरडी फिरायला लागली तर दुसरा. तो ओळखायला कॉम्प्युटर बसवायचा म्हटला तर विहिरीवर तो परवडणार कुणाला, आणि लाईट तरी कुठे धड असते? मेंदूतल्या पेशींसारखी चालणारी सर्किटं यशोधराने कॉलेजात वाचली होती. त्यावरून तिने हे जमवलं. आवाजातले मोजके सूर वेगळे काढायचे, प्रत्येकाला कमीजास्त वजन, म्हणजे महत्त्व, द्यायचं आणि सगळ्यांची बेरीज वाहत्या विजेतच होऊ द्यायची. बेरीज हद्दीपलीकडे गेली की मोटार बंद. टॉर्चच्या दोन सेलवर बोर्डाचा अख्खा हंगाम निघायचा.

खोट एकच होती. ती वजनं म्हणजे बोर्डावरचे प्रीसेट, बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे. कुठलेही दोन बोर्ड सारखे निघत नसत. प्रत्येक बोर्ड कानाला हेडफोन लावून, मीटरच्या काट्यावर नजर ठेवून हातानेच जुळवावा लागे, आणि तो हात फक्त यशोधराचा होता.

काकासाहेबांना ही खोट वाटतच नव्हती. "कुणी उघडून बघितलं तरी नक्कल करता यायची नाही," ते खुशीत म्हणायचे. "त्यासाठी आधी आमची यशोधरा पळवावी लागेल."

शहाण्णवच्या उन्हाळ्यात तिला बंगलोरला संशोधनासाठी प्रवेश मिळाला. जाताना मूळ प्रमाणपत्रं दाखवायची होती, आणि ती काकासाहेबांच्या लोखंडी कपाटात होती. नोकरीला लागताना त्यांनी मागून घेतली होती, सगळ्यांचीच घेत. ती केबिनमध्ये गेली तेव्हा त्यांनी चहा मागवला, पेढे मागवले, पाठीवर हात ठेवला.

"जा की. मी कशाला अडवू? फक्त तुझा हात इथे ठेवून जा."

ती हसली. ते हसले नव्हते.

घरी आई, बनाबाई, तिला म्हणाली, "साहेब बापावानी मानतो तुला. येवढं कोन करतं? इथं काय वाईट हाय?" यशोधराला सांगता येईना. खरंच, वाईट म्हणून बोट ठेवावं असं काहीच नव्हतं. पण रोज सकाळी त्या खोलीचं दार मागे लागलं की छातीवर कुणी हळूच बसल्यासारखं व्हायचं. डोळे मिटले तरी मीटरचा काटा हलताना दिसायचा.

मग तिने हुमेराला शिकवायला घेतलं. हुमेरा आयटीआय करून आलेली, सोल्डरिंगच्या टेबलावर बसायची. कान तयार होता आणि बोटं हलकी. महिन्याभरात ती एकटीने बोर्ड जुळवू लागली. यशोधराच्या मनात पहिल्यांदा बंगलोरच्या गाडीचा विचार आला. काकासाहेबांनीही हुमेराचं काम बघून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी हुमेरा आनंदात आली. "ताई, साहेबांनी मला एसीत बसवणार म्हणून सांगितलं. माझी आयटीआयची सर्टिफिकेटं मागितली. उद्या आणून देते."

"तुझं लग्न ठरलंय ना देवळाली प्रवऱ्याला?"

"दिवाळीनंतर. का?"

यशोधराने हातातला मीटर खाली ठेवला. ज्या खुर्चीतून उठायला ती धडपडत होती, तीत तिने स्वतःच्या हाताने ही पोरगी बसवली होती. "सर्टिफिकेटं आणू नकोस," ती म्हणाली. "पेटीत सापडत नाहीत म्हणून सांग. मी सांगेपर्यंत."

त्याच आठवड्यात मिरजगावहून तक्रार आली. यशोधरा जीपने गेली. शेतकरी छगन बांधावर वाट बघत उभा होता.

"मॅडम, सकाळी लई झ्याक चालतं ह्ये. दुपारची लाईट आली की मोटार बंद करतंय. मोटारीला काय बी झालेलं न्हाई."

पत्र्याच्या पेटीला हात लावला तर चटका बसला. एसीत जुळवलेली वजनं उन्हात सरकली होती. निरोगी मोटारीचा आवाज बोर्डाला आजारी वाटत होता. पेटीसमोर उकिडवी बसल्या बसल्या यशोधराच्या मनात आलं, माणसाच्या हाताने जुळवलेलं हे असंच ढळत राहणार, आणि पुन्हा जुळवायला कुणालातरी त्या खोलीत बसावं लागणार. बोर्डाला स्वतःचं स्वतः जुळवता आलं पाहिजे.

परत येऊन तिने नवीन बोर्ड मांडला. बेरीज पूर्वीसारखी वाहत्या विजेतच, पण वजनं आता छोट्या मेमरी चिपमध्ये आकड्यांच्या रूपात. बटण दाबलं की बोर्ड स्वतःलाच ओळखीचा सूर ऐकवायचा आणि उत्तर बरोबर येईपर्यंत वजनं सरकवायचा. पावसाळा लांबला होता, म्हणून ऊन आयतंच मिळालं. छगनच्या विहिरीवर भर दुपारी, काकासाहेबांच्या देखत तिने बटण दाबलं. मोटार चालत राहिली. मग तिने मुद्दाम एक फेज काढला, तशी मोटार लगेच बंद पडली.

छगनने टोपी मागे सारून खूण केली, ब्येस. काकासाहेबांनी मात्र पेटीत वाकून ती छोटी चिप निरखली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये यशोधरा म्हणाली, "आता हाताची गरज नाही, काका. हुमेराला त्या खोलीत बसवू नका. आणि माझी प्रमाणपत्रं द्या."

"हुमेराचं ठीक. तिला टेबलावरच राहू दे," ते शांतपणे म्हणाले. "पण तुझं कसं? काल या बोर्डाची नक्कल होत नव्हती. आता चिप वाचली की कुणीही करेल. हे सगळं तुझ्या डोक्यात आहे, पोरी. तुला सोडलं आणि तू ते दुसऱ्या कुणाला दिलंस, तर मी दुकान बंद करू का?"

 सुटायला म्हणून यशोधरा जे काही करत होती, ते फासाला आणखी एक पीळ देत होतं. बंगलोरची तारीख आली आणि गेली. विद्यापीठात दुसरी प्रत मागायची तर मूळ हरवलं म्हणून पोलिसांचा दाखला हवा होता. हरवलं नव्हतं, कुठे आहे ते तिला माहीत होतं. पोलिसांनी मालकावर तक्रार लिहून घेतली नाही, आणि खोटं लिहून द्यायला ती तयार झाली नाही.

दिवाळीनंतर हुमेरा लग्न होऊन गेली. जाताना ती यशोधराला बिलगून रडली, आणि यशोधराला तिचा हेवा वाटला.

नव्व्याण्णव साली बाजारात बाहेरचा तयार स्टार्टर आला, स्वस्त आणि दिसायलाही देखणा. काकासाहेबांच्या बोर्डाची मागणी एका हंगामात बसली. एका सकाळी त्यांनी तिला बोलावलं, कपाट उघडलं आणि प्रमाणपत्रं टेबलावर ठेवली. चहा मागवला.

"घे. आता तुला इथे अडकवून ठेवणं बरं नाही."

तिने कागद उचलले. कडा पिवळ्या पडल्या होत्या. "काका, मी मागितली तेव्हा का नाही दिली?"

"तेव्हा गरज होती," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुला काय कमी केलं मी? सांग बरं."

यशोधराने कागद पिशवीत घातले. तिची सगळी वर्षं या प्रश्नाच्या उत्तरात होती, आणि ती या माणसाला दाखवता येणार नव्हती. चहा तसाच ठेवून ती निघाली. रस्त्यावर आल्यावर तिला कळेना, कुठल्या बाजूला वळावं. घराकडे पाय ओढत होते. मग समोर आलेल्या रिक्षाला तिने हात केला आणि म्हणाली, "स्टँडवर घ्या. पुण्याची गाडी धरायचीय, पुढे बंगलोर."

तीन वर्षांपूर्वीचा तिचा प्रवेश तिथे आता कुणाला आठवत असेल की नाही, याचा तिला काहीच अंदाज नव्हता.