दगडाखालचा पत्रा

मित्रांनो, मला बघायचं तर मान वर करावी लागते, म्हणून मला फारसं कुणी बघत नाही. मी एक जुना पत्रा आहे. पन्हळी, दहा फुटी, कडेला जरासा गंजलेला. माजलगावच्या अलीकडे सिंदफणेच्या काठी एक लहान गाव आहे. तिथे सरूबाईंचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीवर, दारापासून तिसरा, तो मी.

कारखान्यात दोन जाड रुळांमधून मला लाटून काढलं तेव्हा मी आरशासारखा चकचकीत होतो. मग माजलगावच्या एका दुकानात भिंतीला टेकून उभा राहिलो. एक दिवस सरूबाई आल्या. त्यांनी रांगेतल्या एकेका पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, कान देऊन आवाज ऐकला आणि माझ्याजवळ थांबल्या. हा घ्या, म्हणाल्या. मला तेव्हा फार अभिमान वाटला.

घरी आल्यावर त्यांनी पहिली ताकीद दिली ती अशी, की या पत्र्याला भोक पाडायचं नाही. याला कारण होतं. सरूबाईंचं घर ऊसतोडीला जाणारं. दिवाळी झाली की गावातली अर्धी घरं ट्रॅक्टरमध्ये बसून दूर कारखान्याच्या पट्ट्यात जातात आणि सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपी करून राहतात. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्री यांची बुटकी झोपडी. सरूबाई तिच्यावर टाकायला दोन पत्रे घरून नेत. दरवर्षी उतरवायचं, दरवर्षी चढवायचं, तर खिळे कशाला ठोकायचे? आणि भोक पाडलं की तिथून गळायचंच. म्हणून मला नुसतं लाकडी दांड्यांवर ठेवत आणि वरून दगड ठेवत. आमच्या भागात किती घरांचे पत्रे असेच दगडांखाली झोपतात, ते तुम्हाला माहीतच असेल.

माझ्यावर पाच दगड होते. चार साधे, आणि पाचवी जात्याची तळी. पिठाची गिरणी आल्यापासून जातं अंगणात पडून होतं, त्याची वरची पेड फुटली, तेव्हा खालची तळी सरूबाईंनी माझ्यावर चढवली. चांगलीच जड. ती अंगावर आली की मला वाटायचं, आता मला कुणी हलवू शकणार नाही.

अशी पंधरा वर्षं गेली. सरूबाईंचा मुलगा शहादेव मोठा झाला, त्याचं लग्न झालं, उज्ज्वला घरात आली. ती माजलगावला बारावीपर्यंत शिकलेली. घरात आली त्या दिवशी पाया पडून झाल्यावर तिने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर छताकडे बघितलं. मला आठवतंय, कारण इतकं थेट माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

मागच्या जानेवारीत कोपीवर माझ्याखाली उज्ज्वलेची मुलगी जन्मली. बाहेर थंडी मी म्हणत होती. पहाटेचं दव माझ्या अंगावरून ओघळत होतं, पण एक थेंबही मी आत जाऊ दिला नाही. सरूबाईंनी तिचं नाव धनश्री ठेवलं. डोळे स्थिर झाल्यावर तिने पहिल्यांदा टक लावून पाहिलं ते मलाच. आईचा चेहरा सोडून, हं. आईचा मान आईचा.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि आम्ही गावी परतलो. मला पुन्हा दारापासून तिसऱ्या जागेवर ठेवलं. दगड ठेवले, तळी ठेवली. खाली दांड्याला लुगड्याची झोळी बांधली. दाराजवळ वारा लागतो म्हणून सरूबाईंनी ती बरोबर माझ्याखाली बांधली.

उज्ज्वलेला ते पसंत नव्हतं. ती झोळी सोडून आतल्या खोलीत बांधायची. पाणी आणायला गेली की सरूबाई ती पुन्हा बाहेर आणायच्या, आत पोर घामाघूम होतं म्हणून. दोघींचं भांडण कधी झालं नाही. झोळी मात्र दिवसातून दोनदा घर बदलायची. उज्ज्वलेने शहादेवला दोन-तीनदा सांगितलं, पत्र्याला हूक मारून घ्या. तो म्हणायचा, दिवाळीला परत काढायचाच आहे, सहा महिन्यांसाठी कशाला चाळणी करायची? शेजारच्या बायनाबाई हसून म्हणायच्या, ह्या पोरीला आभाळ पडायचं भ्या वाटतं. उज्ज्वलाही हसायची. पण हसताना तिचे डोळे माझ्यावरच असायचे. मला तिचा थोडा रागच यायचा. पंधरा वर्षांत मी कधी जागा सोडली होती का?

मे महिन्यातल्या एका दुपारी, चारच्या सुमाराला, पश्चिमेकडून आभाळ आधी पिवळं झालं, मग मातीच्या रंगाचं. शहादेव माजलगावला गेला होता. उज्ज्वला हापशावर होती. सरूबाईंनी अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. वारा सुटताच त्या कुरडया वाचवायला धावल्या. महिनाभराचं काम होतं ते, कोण नाही धावणार? पण धावताना दार सताड उघडं राहिलं. धनश्री झोळीत झोपली होती.

मित्रांनो, मी वाऱ्याला घाबरत नव्हतो, कारण वारा वरून येतो असंच मला वाटायचं. त्या दिवशी तो दारातून आत शिरला, त्याला बाहेर जायला वाट मिळेना, आणि त्याने खालून मला खांदा लावला. पहिल्या धक्क्याला एक दगड घरंगळला. दुसऱ्याला दोन. वरून मला हापशाकडची वाट दिसत होती. उज्ज्वला घागर टाकून पळत येत होती. पदर तोंडावर, पाय अनवाणी, आणि वारा तिला मागे ढकलत होता. मी दांड्याला चिकटून राहायचा किती प्रयत्न केला, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. पण धरायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. ना खिळा, ना हूक. ती उंबऱ्याच्या आत आली, तिचा हात झोळीत गेला, आणि त्याच क्षणी मी उचललो गेलो.

उडताना मी तिरका झालो. तळी माझ्या अंगावरून सरकली आणि आत पडली. खालून धप्प असा आवाज आला. त्यानंतर मला घर दिसलं नाही.

मी बायनाबाईंच्या शेतातल्या बाभळीत जाऊन अडकलो. एक कोपरा दुमडला, काटे रुतले. पाऊण तासात वादळ गेलं आणि ऊन पडलं, जणू काही झालंच नाही. दूरवर माणसांचे आवाज येत होते, कुणाच्या तरी गाईचं हंबरणं येत होतं. मला एकच ऐकायचं होतं, चार महिन्यांच्या मुलीचं रडणं. ते आलं नाही. तो दिवस गेला. दुसरा गेला.

वादळानंतर गावात एक काम सगळे मिळून करतात. आपापले पत्रे शोधतात. शेतात, ओढ्यात, देवळामागे पडलेले पत्रे शाळेपुढे आणून टाकतात आणि मग ओळखून घेऊन जातात. तिसऱ्या दिवशी गावातला धर्मराज आणि बायनाबाई बाभळीखाली आले. धर्मराजच्या गोठ्याचे सहा पत्रे उडाले होते, पाच सापडले होते. मला बघून तो खूश झाला, सहावा हाच म्हणाला.

बायनाबाईंनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. “तुझा कसा असंल रे? तुझे पत्रे म्हंजे चाळणी. ह्याला एक तरी भोक हाय का बघ. सरूबाईचा हाय ह्यो.”

मला लोकांनी माझ्या न फुटलेल्या अंगावरून ओळखलं. आयुष्यभर ज्या गोष्टीचा मी तोरा मिरवला, तिची मला त्या घडीला इतकी लाज वाटली, की बाभळीतून खालीच येऊ नये असं झालं.

मग त्या दोघांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. तळी झोळीवरच पडली होती. पण झोळी रिकामी होती. उज्ज्वलेने मुलीला काढून पोटाशी धरलं आणि भिंतीकडे वळली, तेवढ्यात तळीची कड तिच्या डाव्या हाताला लागली. कोपराखाली हाड मोडलं. मुलीला खरचटलंही नव्हतं, पण ती दचकून गप्प झाली होती. रडेना, दूध घेईना. म्हणून शहादेवने दोघींना अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं.

“आणि आता?” धर्मराजने विचारलं.

“काल रातच्याला रडली म्हणं,” बायनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “अख्खा वॉर्ड उठवला. लई ग्वाड रडली म्हणं.”

मित्रांनो, पत्र्याला रडता येत नाही. मी उन्हात नुसता कडकडलो.

मला घरी आणून अंगणात टाकलं. सरूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. कुरडयांचा डबा त्यांनी कुणाला तरी देऊन टाकला होता. उज्ज्वला परत आली, हात गळ्यात बांधलेला, मुलगी शहादेवच्या खांद्यावर. सरूबाईंनी नातीला घेतलं, तिच्या तळपायांना गाल लावला आणि म्हणाल्या, “हा पत्रा घरावर नको. भंगारात घाला ह्याला.”

उज्ज्वला उंबऱ्यावर बसली. तिने हळूच सांगितलं, “आत्याबाई, पत्रा हाय, वारा आला की उडणारच. दगड त्याच्यावर आपण ठेवला.”

ती ‘तुम्ही’ म्हणाली नाही, ‘आपण’ म्हणाली. ते सरूबाईंनाही कळलं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी शहादेव माजलगावहून हूक आणि रबरी वॉशर घेऊन आला. माझा दुमडलेला कोपरा त्याने लाकडी मोगरीने ठोकून सरळ केला, पण छिद्र पाडायला त्याचा हात उचलेना. आईच्या शब्दाखाली वाढलेला मुलगा तो. कोयत्यासारखा राकट, पण हातोडी हातात धरून तसाच उभा.

सरूबाई उठल्या. माझी एक बाजू त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरली. “हाण. माझ्याकडं काय बघतो?”

शहादेवने विचारलं, दिवाळीला कोपीवर काय न्यायचं? ताडपत्री ने, त्या म्हणाल्या, पत्रा घरीच राहील.

दुखलं. खोटं कशाला बोलू? पहिल्यांदाच माझ्या अंगाला आठ छिद्रं पडली. पण प्रत्येक हूक दांड्याखालून आवळला, तेव्हा मला कुणीतरी धरलंय असं वाटलं. आमच्या घरावर आता एकही दगड नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो, मित्रांनो. आमच्यावर दगड ठेवू नका. वजनाने आम्ही थांबतो, ते फक्त वारा नसतो तोवर. आम्हाला बांधा, आवळा, दरवर्षी उन्हाळ्याआधी एकदा वर चढून हूक हलवून बघा. आणि घरात एखादी आई उगीच छताकडे बघत बसली, उगीच झोळी इकडची तिकडे करत राहिली, तर तिला हसू नका. मीही तिच्यावर रागावलो होतो. ती बरोबर होती.

मागच्या आठवड्यात पुन्हा तसंच पिवळं आभाळ आलं. मी दांड्याला घट्ट होतो, मला कसलीच धास्ती नव्हती. मला वाटलं, आता सगळे माझ्याखाली निवांत बसतील. पण सरूबाईंनी आधी दार लावलं नाही की दोरीवरचे कपडे काढले नाहीत. त्यांनी झोळीतून नातीला उचललं आणि सुनेला म्हणाल्या, “चल, बायनाबाईच्या सिलापात बसू.” सिलाप म्हणजे सिमेंटची पक्की खोली. दार लावून दोघी भरभर निघाल्या. धनश्री आजीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत गेली.

वारा आला. तासभर मला हिसकत राहिला. मी हललो नाही. माझ्याखाली घर रिकामं होतं, आणि पंधरा वर्षांत मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.