सरकणारा खिळा

बाबांच्या तेराव्यानंतर मी नकाशावर तीन पट्ट्यांचं ते लाकडी उपकरण पुन्हा ठेवलं, तेव्हा मधला खिळा एका जागी थांबेना.

ते मीच केलं होतं. बाबा, काशीराम तांडेल, मिरकरवाडा बंदरातून ट्रॉलर न्यायचे. बुडीत खडक ते जुन्या खुणांवरून चुकवायचे: देवळाचा कळस ठरावीक माडांमागे गेला की खडक जवळ आला. या खुणा बापाने फक्त मुलाला सांगायच्या. त्र्याऐंशी साली बांधकामात ते माड गेले. मुलगा नव्हता. मी कॉलेजात गणित शिकवत होते.

"बाय, तुझ्या गणितात समुद्र येतो काय गो?" बाबांनी विचारलं.

येतो, म्हटलं. किनाऱ्यावर तीन खुणा धरायच्या. पहिल्या दोन खुणांमधला कोन कळला की होडी एका वर्तुळावर असते. पुढच्या दोन खुणांमधला कोन दुसरं वर्तुळ देतो. ही वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. एक मधली खूण, दुसरी आपली होडी. बाबांना समीकरणं नकोत म्हणून तीन पट्ट्या एका खिळ्यावर जोडल्या. एकेक पट्टी एकेका खुणेवर रोखायची, आवळायची आणि नकाशावर तिन्ही खुणांवरून जाईल अशी ठेवायची. खिळा जिथे, तिथे होडी.

खुणा मी निवडल्या. एका टोकाला दीपगृह, दुसऱ्या टोकाला टेकडीवरचं देऊळ, मध्ये, मागे सड्यावर म्हणजे उंच कातळपठारावर, पाण्याची टाकी. टाकी पांढरी, धुरकट हवेतही दिसायची. बंदराजवळ तीनदा तपासलं. बरोबर आलं.

"भागोजी, ह्यो बघ माझ्या लेकीचा समुद्र," बाबा शेजारच्या तांडेलाला म्हणाले. "घडी घालून खिशात ठेवतो."

"मग मासे पण तिलाच पकडू दे," भागोजीकाका म्हणाले. पण तशाच पट्ट्या करून त्यांनीही नकाशा उतरवून घेतला.

पौषातल्या एका दुपारी, भरतीत, बाबांचा ट्रॉलर 'म्हैस' नावाच्या खडकावर फुटला. खलाशी पोहून आले. बाबा केबिनमध्ये होते. बंदरावर लोक म्हणाले, तांडेलाला डुलकी लागली. काही म्हणाले, प्यायला असेल.

तेराव्याला बाबांच्या ट्रॉलरवरचा बाबू खलाशी हळूच म्हणाला, "जागे व्हते. कागद बघून बोलले, म्हैस अजून लांब हाय."

म्हणून मी घरचा नकाशा आणि घरीच राहिलेलं पट्ट्यांचं पहिलं उपकरण काढलं. खिळा म्हशीवर ठेवून पट्ट्या आवळल्या. मग बोटाने ढकलला. खिळा सरकला, पट्ट्या खुणांवरच राहिल्या. एक इंच, दोन इंच. कंपास घेतला. दीपगृह, टाकी, देऊळ आणि म्हैस एकाच वर्तुळावर होती. तिथे माझी दोन वर्तुळं एकच होऊन जातात आणि समीकरणं काहीच सांगत नाहीत. हे मी दरवर्षी शिकवते. दोन गुणांना विचारते. मधली खूण मागे सड्यावर नव्हे, पुढे समुद्राकडे घ्यायला हवी होती.

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण तोच कागद भागोजीकाकांच्या केबिनमध्ये होता.

मी धक्क्यावर गेले. लिलाव चालू होता.

"काका, तो कागद वापरू नका. म्हशीपाशी तो कुठलीही जागा दाखवतो. बाबा जागे होते. चूक माझी."

मासे पुकारणारी चंपा थांबली. काकांनी केबिनमधून कागद आणला.

"तुजा बापूस सांगायचा, लेक चुकत नाय."

"चुकले."

"मग आता आमी कशावर जायाचं? माड काय परत उभे ऱ्हात नायत."

"दुसरा काढते. पण आधी मला म्हशीपर्यंत न्या. तिथेच तपासायला हवं होतं."

"बाईमाणूस ट्रॉलरवर?" मागून कुणीतरी म्हणालं.

"गप रे." काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या ओहोटीला ये. बाबूला इचारू नको. तो तुज्यासंगती यायचा नाय."

"नाही विचारणार."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. माझी रेष न रेष त्यांनी उतरवली होती, कुठेही चूक न करता.